कडू भोपळ्याची वीणा

(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या मंडळींसमोर झालेले भाषण)



विणेकरी बुवा, दिंडीतली ज्येष्ठ मंडळी, सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या गावांहून आलेल्या माता-भगिनी, आणि मांडवात जागा असूनही बाहेर उभी राहिलेली तरणी पोरं, सगळ्यांना माझा दंडवत.

दिंडीचा इतिहास काल सांगून झाला. कुणी सुरू केली, पहिल्या वर्षी किती माणसं होती, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, हे सगळं तुम्ही ऐकलंत. ते मी परत सांगत नाही. माझा विषय त्या कोपऱ्यात, लाल फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. आपली वीणा.

शंभर वर्षं आपण तिच्या पाया पडतोय. दिंडीत पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मृदंग, आणि विणेकरी. विणेकऱ्याचा शब्द तो दिंडीचा शब्द. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. रात्री दोन वाजता पहारा बदलतो, तेव्हासुद्धा ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. बाप लेकाच्या पडतो, सावकार गड्याच्या पडतो. ही ताकद कशात आहे? हातात घेऊन बघा. एक भोपळा, एक लाकडाचा दांडा, चार खुंट्या आणि तारा. बस्स.

मी मास्तर होतो. चाळीस वर्षांत कित्येकांच्या पेपरावर भोपळा काढला. म्हणजे शून्य! आपल्या भाषेत भोपळ्याला किंमत तेवढीच. आणि वीणेचा भोपळा तर कडू. भाजीला चालत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. फार तर पूर्वी पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला बांधायचे. नदी उतरायला वाळके भोपळे एकमेकांना बांधून तरंगता सांगाडा करायचे, त्याला सांगड म्हणत. आपण ‘सांगड घालणे’ म्हणतो ते त्या सांगडीवरनं. एवढाच काय तो उपयोग.

हा भोपळा येतो कुठून? पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं. मंडळी, ऐकताय ना? ज्या भीमेच्या काठाला आपण अडीचशे किलोमीटर चालत जातो, त्याच मुलखात हा वेल वाढतो. तिथनं भोपळा येतो आपल्या सांगली जिल्ह्यात, मिरजेला. मिरजेत त्याची वीणा होते, आणि ती वीणा तुमच्या-आमच्या गळ्यात अडकून परत पंढरीला जाते. म्हणजे वारी आपण एकटेच करत नाही. भोपळ्याचीही वारी आहे. आपली दिंडी सुरू झाली त्याच सुमारास, १९२७ साली, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. आपल्या म्हाताऱ्या माणसांना ती गाडी चांगली आठवते.

गेल्या महिन्यात मी आणि विणेकरी बुवा वीणा घेऊन मिरजेला गेलो होतो. सतारमेकर गल्लीत. तिथल्या एका जुन्या कारागिराकडे अर्धा दिवस बसलो. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांनीच सांगू नका म्हटलं. आम्ही त्यांना चाचा म्हणत होतो, ते आम्हाला माउली म्हणत होते. दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट दिसते ती छताला लटकलेले भोपळे. लहान, मोठे, वाकडे, चपटे. शंभराच्या वर असतील.

चाचा म्हणाले, “माउली, भोपळा कारखान्यात करता येत नाही. तो जसा येईल तसा घ्यायचा, आणि त्याच्या मापानं वाद्य करायचं.”

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना. सुतार लाकूड आणतो आणि आपल्या मापानं कापतो. इथं उलटं आहे. वेलावर भोपळा जमिनीला कसा टेकलाय, त्यावर त्याचं बूड ठरतं. आडवा पडला तर एका बाजूनं चपटा. कारागीर घेर इंचांत मोजतो आणि मग ठरवतो, हा पुरुषी आवाजाच्या मोठ्या तंबोऱ्याला, हा बायकांच्या तंबोऱ्याला, हा सतारीला, हा वारकऱ्याच्या वीणेला. आपली वीणा म्हणजे तंबोऱ्याची धाकटी बहीण. गळ्यात घालून नाचायचं, तर ती हलकीच पाहिजे.

भोपळा पुरता पिकला की उतरवतात आणि महिनोन् महिने वाळवतात. आतला गर आटतो, बिया खुळखुळायला लागतात, आणि साल हाडासारखी टणक होते. मग तो पाण्यात भिजत घालायचा. मऊ पडला की तोंड कापायचं, आतला वाळका गर खरवडून काढायचा, आणि कापलेलं तोंड आक्रसू नये म्हणून आत आडव्या काटक्या ताणून बसवायच्या. तसाच परत वाळवायचा. घाई केली की तडकलाच. आपल्याकडं विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते वैरासाठी. मिरजेत मात्र विळा लागल्याशिवाय भोपळ्याला वाचाच फुटत नाही.

कीर्तनकार महाराज समोर बसलेत आणि हसतायत. त्यांना दृष्टान्त सापडलाय, हे मला दिसतंय. आतला कडू गर काढल्याशिवाय नाद नाही, वगैरे. तो त्यांनी रात्री सांगावा. मी नुसतं काम कसं चालतं ते सांगतो.

भोपळ्याच्या तोंडाला लाकडाचा गळा जोडायचा. त्यावर दांडी. लाकूड बहुधा तुणीचं, तांबूस आणि वजनाला हलकं. तेही मुरलेलं पाहिजे. ओलं लाकूड पुढं वाकतं, आणि दांडी केसभर वाकली तरी तार दांडीला लागते. भोपळ्याचं उघडं तोंड झाकायला वर लाकडाची पातळ तबली. ही जाड राहिली तर आवाज दबतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं बसते. किती तासायची याचं माप कागदावर नाही. चाचा बोटानं टकटक करतात, कान लावतात, परत रंधा मारतात. मग खुंट्या, मणी, लाखेचं पॉलिश, नक्षी. आपल्याला बाहेरनं दिसते ती नक्षी. काम सगळं आत असतं.

आणि शेवटी जवारी. हे जरा नीट ऐका, कारण आपल्या वीणेचं दुखणं इथंच आहे. तबलीवर एक रुंद घोडी असते, तिच्यावरनं तारा जातात. ती वरनं सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारा उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत, सुटत कापते, आणि त्यातनं एका सुराबरोबर वरचे कितीतरी सूर उमटतात. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवतात, त्याला जीवा म्हणतात. तो एखाद्या ठिकाणी आला की आवाज एकदम उघडतो. मघापर्यंत टंग-टंग करणारी तार गुंजायला लागते. चाचांनी दुसऱ्या एका तंबोऱ्यावर हे आमच्यासमोर करून दाखवलं. विणेकरी बुवांनी टोपी काढून डोक्यावरनं हात फिरवला. एवढंच, बोलले काही नाहीत.

वाजवून वाजवून तारेची घोडीवर खाच पडते. उतार जातो. मग आवाज मरतो. यात कुणाचा दोष नाही, वाजणाऱ्या वाद्याची घोडी घासणारच. घासली की परत कानशीनं, पॉलिशपेपरनं जवारी काढावी लागते. आपल्या वीणेची जवारी गेली आहे. चाचांनी तार छेडली आणि आमच्याकडं बघितलं. म्हणाले, “हिला हार लई घातलेले दिसतात.”

आता या मिरजेच्या कारागिरांबद्दल थोडं. ही मंडळी मूळची शिकलगार. म्हणजे तलवारींना, भाल्यांना धार लावणारी, पोलादाला झिलई देणारी. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल आला, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. मिरज पटवर्धनांचं संस्थान, दरबारी गवयांची ये-जा, आणि गवयाचं वाद्य बिघडलं तर दुरुस्त करणारं जवळपास कुणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकरांनी हे काम हातात घेतलं, असं मिरजेत सांगतात. ज्या हाताला तलवारीच्या पात्याची धार कळत होती, त्या हातानं घोडीचा उतार काढायला सुरुवात केली. त्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या तेच काम चाललंय. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. त्यांच्यासारख्या सुराला काटेकोर गवयाचा तंबोरा लावून द्यायचा म्हणजे परीक्षाच. १९३७ साली ते गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना विसावा मिळाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मिरजेबाहेर कुणी काही बनवलं तर त्याला मिरजेचा तंबोरा म्हणून विकता येणार नाही. चांगलं झालं. पण कागदानं भोपळा पिकत नाही, त्याकडं मी येतो.

माझ्या एका तरुण मित्रानं मला विचारलं, “मास्तर, वीणा मुसलमानाच्या हातची, हे तुम्ही सभेत सांगणार का?” सांगणार की! लपवायचं काय त्यात? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना आपण संतांच्या मांदियाळीत बसवलंय. माउलींचे अश्व अंकलीहून निघून मिरजेवरनंच आळंदीला जातात. हैबतबाबा आपल्या साताऱ्याजवळच्या आरफळचे. त्यांनी १८३२ च्या सुमाराला माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं, तेव्हा वाटेवरच्या कुणाला वगळून ते दिलं नाही.

वगळलेली माणसं होती, नाही असं नाही. ती वेगळी. मृदंग घ्या. खोड लाकडाचं, पण बोलतं कातडं. एका तोंडाला शाई, म्हणजे लोहचूर आणि खळीचा घोटून घोटून बसवलेला काळा थर. दुसऱ्या तोंडाला ओली कणीक. वादीनं ताण द्यायचा, गठ्ठे ठोकून स्वर चढवायचा. नीरा ओलांडून लोणंदच्या वाटेला लागलो आणि पाऊस आला की कातडं ढिलं पडतं, मृदंगी चुलीपाशी शेकत बसतो, हे तुम्ही दरसाल बघता. हे कातडं कमावलं कुणी? ज्यांनी कमावलं त्यांचा मृदंग देवळात वाजत होता आणि ते स्वतः दाराबाहेर होते. चोखोबा मंगळवेढ्याचे, भोपळ्याच्याच मुलखातले. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे, आत नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा दार उघडलं. आपल्या दिंडीनं त्याआधी वीसेक वर्षं हा मृदंग वाजवत वारी केली होती. वस्तू आत जायची आणि ती करणारा बाहेर राहायचा. शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर ही ओळही वहीत यायला पाहिजे. मिरजेच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे त्या दिवशी बुवांनीच मला सांगितलं.

टाळाबद्दल फार सांगत नाही. तांब्यात कथील मिसळलं की कांसं होतं, तांब्यात जस्त मिसळलं की पितळ. चांगल्या कांशाच्या टाळाची आस लांबते, तुम्हाला कानाला कळतं. घोंगडीबद्दल मात्र सांगायला पाहिजे, कारण ती आपल्याच माण-खटाव, आटपाडी, जतची. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, घरच्या बायकांनी कातलेलं सूत, त्याला चिंचोक्याची खळ, आणि खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर विणकाम. नवी घोंगडी अंगाला टोचते. तीन-चार वाऱ्या झाल्या, पाऊस-घाम खाल्ला, की ती मऊ होते. म्हणजे सनगरानं विणली तेव्हा ती पुरी झाली नव्हती. उरलेलं काम वारकऱ्याच्या पाठीनं केलं.

वीणेचंही तेच आहे, असं मला वाटतं. चाचांच्या दुकानात शंभर भोपळे टांगलेत, पाच-सहा वीणा तयार होऊन भिंतीला टेकल्यात. त्यांच्या पाया कुणी पडत नाही. चाचा त्या ओलांडून ये-जा करतात, त्यांच्यापाशी चहाचा कप ठेवतात. त्यातलीच एक आपण घरी आणतो, पूजा करतो, गळ्यात घालतो, आणि सप्ताहात तिच्यासाठी रात्र रात्र जागतो. कारागिरानं तिला सूर दिला, माणसांच्या जागरणानं तिला मान आला. नुसता मान उरला आणि सूर गेला, तर शेवटी आपल्या हातात राहणार फुलांचा हार घातलेला एक भोपळा.

आपले संत या बाबतीत फार रोखठोक. गोरोबाकाकांनी चाक सोडलं नाही, सावतोबांनी मळा सोडला नाही, नरहरी सोनारांनी ऐरण सोडली नाही, नामदेवराय शिंप्याच्या घरचे. देव भेटला म्हणून कुणी धंदा बंद केला नाही. मडकं कच्चं की पक्कं हे गोरोबा थापटून बघायचे, आणि त्याच थापटण्यानं त्यांनी संतांची डोकीही तपासली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. चाचा तबलीवर टकटक करत होते तेव्हा मला तीच आठवली.

आता मुद्द्यावर येतो. शताब्दीनिमित्त एका श्रद्धाळू कुटुंबानं वीणेला चांदीचा पत्रा बसवण्यासाठी देणगी देऊ केली आहे. त्यांची भावना मोठी आहे, आणि ते समोरच बसलेत, म्हणून हात जोडून बोलतो. मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, “चांदीला खिळा मारावा लागंल. खिळा मारला की भोपळा तडकंल. चिकटवून बसवली तरी वजन वाढंल, आवाज दबंल. तुम्हाला वाजवायची आहे का ठेवायची आहे, तेवढं सांगा.” बुवा सत्तरीचे आहेत. फलटणच्या उन्हात दहा-दहा तास वीणा त्यांच्या गळ्यात असते. वजनाचं तुम्हीच बघा. माझी विनंती अशी, की चांदी पादुकांच्या पेटीला लावावी. दात्यांचं नाव तिथं जास्त दिवस टिकेल आणि कुणाच्या मानेवर येणार नाही.

दुसरी सूचना आमच्या तरुण मंडळींची, की तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी घ्यावी, नाहीतर मोबाइलवरच लावावा. मी त्याला नावं ठेवत नाही. पावसात उतरत नाही, एकटा माणूस रियाझाला बसला तर सोबत होते. शाळेत मीही वापरलाय. फायबरचेही तंबोरे निघालेत, नटबोल्टचे मृदंगही. पण सप्ताहात पहारा बदलताना तुम्ही मोबाइलच्या पाया पडणार का? हसू नका, खरंच विचारतोय.

आणि भोपळ्याचं राहिलं. उजनीचं पाणी आल्यापासून भीमेच्या त्या पट्ट्यात ऊस वाढला. आपल्या कृष्णाकाठी काय झालं ते आपण बघतोच. ऊस तोडला की कारखाना न्यायला येतो. कडू भोपळ्याला गिऱ्हाईक एकच, मिरजेचं. त्यात ऐन वाळायच्या वेळी अवकाळी पाऊस आला तर सडतो, चिरतो, म्हणजे वर्षाची मेहनत गेली. शेतकऱ्यानं तो का लावावा? चाचांची दोन मुलं याच कामात आहेत, नातवाचं नक्की नाही. “शिकायला दहा वर्षं लागतात, आणि दहा वर्षं कोण बसंल?” असं ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, हातातलं काम न थांबवता. आपण वारकरी लाखांनी पंढरीला जातो, गावोगाव वीणा आहे, सप्ताह आहे. वीणेचं गिऱ्हाईक आपण आहोत. गवयांपेक्षा आपण संख्येनं कितीतरी जास्त आहोत. पण नवी वीणा विकत घेताना आपण काय बघतो? नक्षी आणि किंमत. जवारी बघत नाही. कारागीर मग नक्षीच करणार!

तेव्हा बैठकीत जे ठरलं ते जाहीर करून बसतो. आपली जुनी वीणा जवारी, नवीन खुंट्या आणि तारांसाठी मिरजेला दिली जाईल. तिच्या भोपळ्याला धक्का लावायचा नाही, तो अजून शाबूत आहे असं चाचांनी सांगितलंय. याशिवाय एक नवी वीणा सांगितली आहे. तिचा भोपळा बुवांनी स्वतः निवडलाय. थोडा एका बाजूला झुकलेला आहे, पण आवाज खोल आहे. तो भिजवून, कापून वाळत घातलाय. लाकूड मुरलेलंच आहे, तरी घाई करू नका म्हणाले, म्हणून ती पुढच्या वारीला मिळेल. पोरांपैकी दोघं-तिघं दर महिन्याला एक दिवस मिरजेला जाऊन तारा बदलणं, जीवा लावणं आणि वीणा सुरात मिळवणं शिकणार आहेत. ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी प्रसादानंतर बुवांना भेटावं. मांडवाबाहेरची मंडळी, तुमच्याबद्दलच बोलतोय.

जुनी वीणा ज्येष्ठ लागायच्या आत परत आणायची आहे. तोवर एकादशीच्या भजनाला शेजारच्या दिंडीनं त्यांची वीणा देऊ केलीय. ती आणायला आज संध्याकाळी गाडी जाईल. गाडीत बसून आणायची असली तरी कुणीतरी ती मांडीवर उभी धरायची आहे.

रामकृष्णहरी.